सीलबंद इमारतीतील स्वयंपाकघर: मुलुंडच्या एका निवृत्त दांपत्याचे प्रकरण

प्रस्तुत प्रकरण मुलुंड पूर्वेकडील एका निवृत्त दांपत्याचे असून त्याचा मुख्य काळ जानेवारी २०२२ हा, म्हणजे करोनाच्या ओमायक्रॉन या प्रकारामुळे मुंबईत आलेल्या तिसऱ्या लाटेचा आहे. पती ७२ वर्षांचे, मध्य रेल्वेच्या परळ वर्कशॉपमधून २००९ मध्ये निवृत्त झालेले. पत्नी ६७ वर्षांच्या, महापालिकेच्या प्राथमिक शाळेतून २०१२ मध्ये शिक्षिका म्हणून निवृत्त झालेल्या. एकुलती एक मुलगी लग्नानंतर पुण्यात स्थायिक आहे. परिसरातील ज्येष्ठांना नियमित दूरध्वनी करून त्यांची विचारपूस करणाऱ्या एका स्थानिक उपक्रमात मी स्वयंसेवक असल्याने या घराशी माझा संबंध आला आणि पुढे दोघांच्या संमतीने, ओळख पटेल असे तपशील वगळून, ही नोंद तयार केली. फोनवर मी त्यांना काका आणि काकू म्हणत असे, तेच येथेही ठेवले आहे.

वरकरणी हे प्रकरण आजाराचे आहे, परंतु आजार सौम्य होता आणि तो ठरलेल्या वाटेने बराही झाला. नोंद घेण्याजोगी गोष्ट निराळी आहे. एका घरात दोन माणसे निवृत्त झालेली असली, तरी त्यांतील एकाचीच निवृत्ती प्रत्यक्षात आली होती, ही बाब दार बंद झाल्याशिवाय दोघांपैकी कोणाच्याही नीट लक्षात आली नव्हती.

पूर्वस्थिती

निवृत्तीनंतर काकांचा दिवस बहुतांशी घराबाहेर आखलेला असे. सकाळी चिंतामणराव देशमुख उद्यानात फेऱ्या आणि त्यानंतर सात-आठ जणांचा कट्टा, मग बँक, सोसायटीचे काम किंवा स्टेशनाजवळ भाजीची खरेदी, दुपारी वामकुक्षी, संध्याकाळी पुन्हा फेरी. काकूंचा दिवस मात्र शाळा सुटल्यानंतरही फारसा बदलला नव्हता; शाळेचे तास तेवढे गळाले आणि त्या जागी घरचीच आणखी कामे येऊन बसली. हा अनुभव एका घरापुरता नाही. राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाच्या २०१९ च्या वेळ-वापर सर्वेक्षणानुसार घरातील बिनमोबदला कामे करणाऱ्या स्त्रियांचा त्यांवर दिवसाला सरासरी २९९ मिनिटे वेळ जात होता, तर अशी कामे करणाऱ्या पुरुषांचा ९७ मिनिटे. आणि मुळात अशी कामे करणाऱ्या पुरुषांचे प्रमाण चौथ्या हिश्श्याच्या आसपासच होते.

मार्च २०२० च्या टाळेबंदीत काका प्रथमच दिवसभर घरी राहू लागले आणि खटके उडू लागले. वर्कशॉपमध्ये तपासणीचे काम आयुष्यभर केलेला माणूस रिकामा बसू शकत नाही. त्यांनी तेल महिन्याला किती लागते, फ्रिजचे दार किती वेळा उघडते, गॅसची ज्योत भांड्याबाहेर जाते का, यांवर लक्ष ठेवण्यास सुरुवात केली. काकूंचे यावरील भाष्य नेमके होते: “मी रिटायर झाले आणि यांनी वर्कशॉप घरात आणलं.” काका आपल्या परीने मदतही करत, म्हणजे सांगितले की भाजी चिरून देत आणि विचारून डबे खाली काढत. काकूंची तक्रार त्याविषयीच होती, कारण प्रत्येक गोष्ट सांगण्याचे काम त्यांच्याकडेच राहत होते. २०२१ मध्ये निर्बंध हळूहळू सैल झाले, कट्टा पुन्हा भरू लागला आणि हा वाद मिटला नसला तरी मागे पडला.

निर्बंधांची चौकट

डिसेंबर २०२१ च्या अखेरीस रुग्णसंख्या झपाट्याने वाढू लागली. मुंबई पोलिसांनी ३१ डिसेंबरला काढलेल्या आदेशाने समुद्रकिनारे, मैदाने आणि उद्याने संध्याकाळी ५ ते पहाटे ५ या वेळेत बंद झाली. ७ जानेवारीला मुंबईत एका दिवसात २०,९७१ रुग्ण नोंदले गेले. राज्य शासनाच्या आदेशानुसार १० जानेवारीपासून पहाटे ५ ते रात्री ११ या वेळेत पाच किंवा अधिक जणांनी एकत्र फिरण्यास आणि रात्री ११ ते पहाटे ५ अत्यावश्यक कारणाविना बाहेर पडण्यास मनाई झाली. शासन याला टाळेबंदी म्हणत नव्हते आणि शहराच्या दृष्टीने ती नव्हतीही, कारण लोकल धावत होत्या आणि दुकाने उघडी होती. पण उद्यानातील संध्याकाळची फेरी आणि सात-आठ जणांचा कट्टा या काकांच्या दिवसाच्या दोन खुंट्याच निखळल्या.

त्यात महापालिकेचा इमारतींविषयीचा नियम होता: इमारतीतील किंवा विंगमधील २० टक्क्यांहून अधिक घरांत रुग्ण असल्यास संपूर्ण इमारत किंवा विंग सीलबंद करावी. काका-काकूंच्या विंगमध्ये वीस घरे आहेत. ९ जानेवारीला पाचव्या घरात रुग्ण आढळला आणि फाटकाला कुलूप लागले. त्या पाच घरांपैकी एक त्यांचेच होते.

दाराच्या दोन बाजू

काकूंचा घसा ६ जानेवारीला दुखू लागला आणि दुसऱ्या दिवशी अंगात कणकण आली. घरी येऊन नमुना नेणाऱ्या प्रयोगशाळेने शासनाने ठरवलेल्या ७०० रुपयांत आरटी-पीसीआर केली आणि ८ तारखेला अहवाल बाधित आला. काकूंना उच्च रक्तदाब आहे. साठीपुढच्या आणि सहव्याधी असलेल्या रुग्णाला डॉक्टरांनी नीट तपासून मगच गृहविलगीकरणात ठेवावे, असे केंद्राच्या ५ जानेवारीच्या सुधारित सूचनांत म्हटले होते. ऑक्सिजन ९७ होता, श्वास मोकळा होता आणि एका बेडरूमला जोडून स्वच्छतागृह होते, त्यामुळे फॅमिली डॉक्टरांनी घरीच राहण्यास परवानगी दिली. काकांची पाचव्या दिवशीची चाचणी निर्दोष आली.

काकूंचा अहवाल आला त्या संध्याकाळीच काकांनी एक फुलस्केप वही काढून रकाने आखले: वेळ, ताप, नाडी, ऑक्सिजन, शेरा. ९३ किंवा त्याखाली आकडा आला तर तासाभरात तीनदा मोजून डॉक्टरांना कळवायचे, १०० अंशांवरील ताप तीन दिवसांनंतरही राहिला तर कळवायचे, हे पहिल्याच पानावर लाल शाईने लिहिले. वॉर्ड वॉर रूमचा, म्हणजे महापालिकेच्या विभागीय करोना नियंत्रण कक्षाचा, आणि ज्येष्ठांसाठीच्या १४५६७ या हेल्पलाइनचा क्रमांक त्याखाली. इथपर्यंत काका पूर्णपणे आपल्या प्रांतात होते, आणि मला वाटते या वहीने काकूंपेक्षा त्यांनाच अधिक धीर दिला.

एका सकाळी ही वहीच घबराटीला कारण झाली. त्या आठवड्यात मुंबईचे किमान तापमान १३ अंशांच्या आसपास उतरले होते. काकूंनी पहाटे उठून ऑक्सिमीटर लावला आणि आकडा ९१ आला. काकांनी डॉक्टरांना फोन लावला, तेव्हा डॉक्टरांनी आधी हात गार आहेत का ते विचारले. बोटे गार पडली की तेथील रक्तप्रवाह मंदावतो आणि यंत्र चुकीचा, कमी आकडा दाखवू शकते. तळहात चोळून, पाच मिनिटे शालीत गुंडाळून पुन्हा मोजल्यावर आकडा ९६ झाला. काकांनी ९१ खोडला नाही. त्यापुढे शेऱ्यात ‘बोटे गार, अग्राह्य’ अशी नोंद केली.

खरी अडचण वहीच्या बाहेर होती. धुणेभांडी करणाऱ्या मावशींना सीलबंद इमारतीत येता येईना (त्यांचा पूर्ण पगार द्यायचा हे काकूंनी आतूनच बजावले), आणि स्वयंपाकघरात जन्मात एकटे उभे न राहिलेल्या माणसावर दोघांचे जेवण आले. मुलीने पुण्याहून किराणा ऑनलाइन मागवला, तो फाटकावर येऊन पडला आणि त्यात मधुमेही माणसाच्या घरासाठी पाच किलो साखर निघाली. शेजारच्या विंगमधून डबा देण्याची तयारी होती, परंतु काकांनी पहिले दोन दिवस ती नाकारली. पूर्वी वर्कशॉपमध्ये दोनशे माणसांची पाळी सांभाळली, तर दोन माणसांचा कुकर काय अवघड, असा त्यांचा युक्तिवाद होता.

मग आतून बाहेर फोन सुरू झाले. बेडरूम आणि स्वयंपाकघर यांत जेमतेम दहा फुटांचे अंतर, पण दार बंद आणि तोंडाला मास्क, म्हणून दोघे एकमेकांना फोन लावत. काकूंनी फोडणी सांगितली: तेल तापलं की मोहरी टाका.

“तापलं म्हणजे किती?”

“तापलं म्हणजे तापलं हो. तुम्हाला कळेल.”

“मला कळलं असतं तर फोन कशाला केला असता?”

काही वेळ शांतता झाली आणि मग शिक्षिकेने उत्तर शोधले: मोहरीचा एकच दाणा टाकून पाहा, तो बुडाशी नुसता बसला तर थांबा, लगेच वर येऊन तडतडला तर बाकीची टाका, हिंग-हळद त्यानंतर आणि तिखट सर्वांत शेवटी, गॅस बारीक करून. काकांनी हे वहीच्या मागच्या बाजूने लिहून घेतले. पुढील आठवडाभरात मागची पाने पुढच्या पानांपेक्षा वेगाने भरली. तांदळाला पाणी दुप्पट, पण जुना तांदूळ असेल तर थोडे अधिक. डाळीला तीन शिट्ट्या आणि मग बारीक गॅसवर पाच मिनिटे. कणीक मळून झाकून ठेवल्याशिवाय लाटू नये. काकूंनी मला नंतर सांगितले की पंचेचाळीस वर्षे स्वयंपाक करूनही यातील निम्म्या गोष्टी त्यांनी कधी शब्दांत मांडल्या नव्हत्या. वर्गात मुलांना हातचा घेऊन बेरीज शिकवताना त्या जेवढ्या पायऱ्या करत, तेवढ्याच त्यांना आता कांदा परतण्याच्या कराव्या लागल्या.

दुसऱ्या बाजूने पाहता, काकूंना पहिले तीन दिवस विश्रांती अशी मिळालीच नाही. त्या पलंगावर पडून स्वयंपाकघर ऐकत होत्या: कुठले भांडे कुठे ठेवले जाते, पाणी किती वेळ वाहते, शिट्टी होऊनही गॅस बंद का होत नाही. करपल्याचा वास दाराखालून आला की त्या अंथरुणातून हाक मारत. डॉक्टरांनी विश्रांती सांगितलेली, आणि रुग्ण मात्र बंद दाराआड पूर्णवेळ कामावर हजर! चौथ्या दिवशी थकवा वाढला तेव्हा त्यांनी फोन बाजूला ठेवला. माझ्या मते या प्रकरणातील वळण तेथे आहे, कारण त्या दिवसापासून काका विचारायचे थांबून ठरवू लागले.

कॅलेंडरवरच्या खुणा

१२ तारखेला भात अर्धा शिजलेला असताना सिलिंडर संपला. भरलेला दुसरा सिलिंडर होता, परंतु पुढचा कधी नोंदवायचा हे पाहताना काकांची नजर भिंतीवरच्या कॅलेंडरवर गेली. तिथी आणि सण पाहण्यासाठी ते हे कॅलेंडर रोज उघडत, मात्र चौकोनांच्या कोपऱ्यांत पेन्सिलीने केलेल्या बारीक खुणा त्यांनी कधी वाचल्या नव्हत्या. ‘सि.’ म्हणजे सिलिंडर लावल्याचा दिवस, ‘द.’ म्हणजे दळण, ‘मा. खा.’ म्हणजे मावशींचा खाडा, दुधाच्या पिशव्यांची संख्या, रक्तदाबाच्या गोळ्यांची पट्टी सुरू केल्याची तारीख. काही चौकोनांत नुसताच ‘गो.’ होता. तो काकांच्या स्वतःच्या मधुमेहाच्या गोळ्या संपत आल्याचा इशारा होता. त्या गोळ्या आपोआप घरात येतात अशी त्यांची इतकी वर्षे समजूत होती.

गोळ्यांच्या या नोंदीशी जोडून आणखी एक गोष्ट उघड झाली. १३ तारखेच्या सकाळी काकांची उपाशीपोटीची साखर १९८ भरली, जी एरवी १३० च्या आत राहत असे. डॉक्टरांनी आहार विचारला तेव्हा यादी अशी निघाली: चहाबरोबर खारी, न्याहारीला ब्रेड-जॅम, दोन्ही वेळा भात, मध्ये बिस्किटे. पोळ्या जमत नव्हत्या म्हणून भात, आणि दमणूक व्हायची म्हणून चहा. गोळी रोजचीच होती, वेळही चुकलेली नव्हती. मोजलेल्या पोळ्या, ज्वारी-बाजरीची भाकरी, ताटात आधी कोशिंबीर वाढण्याची काकूंची शिस्त, दुसऱ्यांदा भात मागितल्यावर पातेले संपल्याचे खोटेच सांगणे, हा उपचाराचा दुसरा आणि कदाचित मोठा भाग कोणत्याही चिठ्ठीवर लिहिलेला नव्हता. वृद्ध दांपत्यांशी बोलताना आपण औषधांची यादी विचारतो, परंतु ताट कोण वाढते हे विचारत नाही. रुग्ण पुरुष असेल तर ते आधी विचारावे, असे मला या प्रकरणानंतर वाटू लागले.

त्याच दिवशी भोगी होती. समोरच्या विंगमधील शेजारणीने वांगी, गाजर, पावटे, ओले हरभरे, घेवडा आणि बोरे अशी भोगीची मिसळीची भाजी फाटकावर पोहोचवली. काकूंनी दोन दिवसांनी पुन्हा फोन हाती घेतला, तो या भाजीत तिळाचा कूट कधी घालायचा हे सांगण्यासाठी. भाजी चांगली झाली. बाजरीच्या भाकरीने मात्र दाद दिली नाही. बाजरीच्या पिठाला गव्हासारखा चिकटपणा नसतो. कढत पाणी घालून आणि तळहाताने रगडून ते धरावे लागते, अन्यथा थापताना कडा फाटतात. दोन भाकऱ्या परातीतच मोडल्यावर काकांनी ते पीठ थेट तव्यावर थालीपिठासारखे थापले, मधोमध भोक पाडून कडेने तेल सोडले आणि ताट दाराबाहेरच्या स्टुलावर ठेवले. काकूंनी ते सगळे संपवले, आणि बाहेर परत आलेल्या ताटाच्या फोटोसह मुलीला संदेश गेला.

या दिवसांत दूरचित्रवाणीवर लता मंगेशकर यांच्या प्रकृतीची बातमी सतत असे. ८ जानेवारीला, म्हणजे काकूंचा अहवाल आला त्याच दिवशी, त्यांना करोनाच्या संसर्गामुळे ब्रीच कँडी रुग्णालयात दाखल केल्याने काकू रोज त्यांच्याविषयी विचारत. काका आवाज कमी करून बातमी पाहत आणि दाराशी येऊन “स्थिर आहेत” एवढेच सांगत. काळजीवाहक कोणती माहिती आत जाऊ देतो, हाही शुश्रूषेचाच भाग असतो, आणि तो काकांना कोणी शिकवलेला नव्हता.

विलगीकरण संपल्यावर

केंद्राच्या सूचनांनुसार सात दिवस आणि त्यातील शेवटचे सलग तीन दिवस तापाविना गेल्यास विलगीकरण संपत होते. वयाचा विचार करून डॉक्टरांनी दोन दिवस वाढवले आणि काकू १७ जानेवारीला बाहेर आल्या. फाटकाचे कुलूपही त्याच आठवड्यात निघाले.

येथून पुढचा काळ अधिक अवघड ठरला. काकूंना तीन आठवडे अशक्तपणा राहिला आणि कडधान्य निवडायला बसल्या तरी त्या दमत. काकांनी स्वयंपाक सुरूच ठेवला, परंतु आता त्यांना तो आपल्या पद्धतीने करायचा होता. त्यांनी सर्व डब्यांना चिठ्ठ्या लावल्या, मसाल्यांचा क्रम बदलला, रोज लागणाऱ्या वस्तू हाताच्या उंचीवर आणि इतर वर अशी वर्कशॉपच्या भांडारासारखी मांडणी केली. काकूंना आपल्याच स्वयंपाकघरात जिरे सापडेना. एका दुपारी त्यांनी सगळ्या चिठ्ठ्या सोलून काढल्या आणि त्यावरून जो वाद झाला तो दोघांनीही मला स्वतंत्रपणे, पण सारख्याच रागाने सांगितला. काकांच्या मते त्यांनी शिकलेल्या कामाला मान मिळाला नाही. काकूंच्या मते आजारपणाच्या बदल्यात त्यांची एकमेव सत्ताही गेली. मला दोघांचेही म्हणणे खरे वाटले. घरकाम हे ओझे असते आणि त्याच वेळी अधिकारही असतो. ओझे वाटून घेताना अधिकारही वाटला जातो, आणि ज्याच्याकडे दुसरा अधिकार फारसा नव्हता त्याला ते सहज मानवत नाही.

इतर बाबी लवकर मार्गी लागल्या. करोना लसीची बळकटी मात्रा (बूस्टर) १० जानेवारीपासून सहव्याधी असलेल्या ज्येष्ठांना मिळू लागली होती. दुसऱ्या मात्रेला नऊ महिने झालेले असल्याने काकांनी ती महिनाअखेरीस घेतली. काकूंना मात्र थांबावे लागले, कारण करोनातून बरे झाल्यावर तीन महिने थांबून लस घ्यावी, असे केंद्राने २१ जानेवारीला कळवले होते. काकांचा हयातीचा दाखला राहिला होता. केंद्रीय निवृत्तिवेतनधारकांसाठी त्याची मुदत २८ फेब्रुवारीपर्यंत वाढवलेली होती, म्हणून टपाल खात्याच्या ७० रुपयांच्या घरपोच सेवेत पोस्टमनने यंत्र आणले. उमेदवारीच्या काळापासून लोखंड हाताळून झिजलेले अंगठ्याचे ठसे दोनदा जुळले नाहीत, तिसऱ्या वेळी मधले बोट जुळले.

वाटणीचा प्रश्न फेब्रुवारीच्या मध्यास सुटला, आणि तो चर्चेने सुटला नाही. काकूंनी कॅलेंडरवरच्या खुणांपैकी काही थेट काकांच्या नावावर केल्या: सिलिंडर, दळण, दोघांच्या गोळ्या आणि रात्रीचे जेवण. या कामांत आठवण करून देणे, विचारणे, तपासणे असे काहीही करायचे नाही, असे त्यांनी स्वतःवर बंधन घातले आणि एका रात्री दळण संपल्यामुळे दोघांनी पोहे खाल्ले तेव्हाही त्या बोलल्या नाहीत. सकाळचा स्वयंपाक, सणवार आणि मांडणीचा अधिकार त्यांनी स्वतःकडे ठेवला. काकांना एक फळी मिळाली, तिच्यावरील डब्यांना चिठ्ठ्या आहेत.

२ एप्रिलला, गुढीपाडव्याच्या दिवशी, राज्यातील निर्बंध पूर्णपणे उठले. मी शेवटचा फोन त्यानंतरच्या आठवड्यात केला. कट्टा पूर्ववत भरत होता, पण काका संध्याकाळी सातच्या आत घरी येत होते, कारण कुकर लावायचा असे. काकूंनी शाळेतील जुन्या सहकारी शिक्षिकांबरोबर मंगळवार आणि शुक्रवारची संध्याकाळ भजनासाठी राखली होती. काकांची साखर १२६ होती. बाजरीची भाकरी अजून जमत नव्हती, आणि जिरे कोणत्या फळीवर राहावे यावर दोघांचे एकमत झालेले नव्हते.